सातव्या भागातली चार मिनिटं

“बाई, ती शांतता नव्हती. ती चूक होती,” जयवंत कारखानीस माइकवर म्हणाले आणि कोल्हापूरच्या त्या सभागृहातली तीनेकशे माणसं खळखळून हसली.

मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर होते. समोरच्या टेबलावर शेवंतीचा गुच्छ होता, आणि लाल फितीत बांधलेल्या माझ्या दोन व्हिडिओ कॅसेट. थोड्या वेळानं त्या मी कारखानीसांच्या हातात द्यायच्या, फोटो काढायचे, टाळ्या पडायच्या, असं संयोजकांनी ठरवलेलं. हसणाऱ्यांत तिसऱ्या रांगेत माझ्या कॉलेजची अकरा मुलंमुली होती. त्यांना मीच, कॉलेजच्या आणखी एका सरांबरोबर, कराडहून एसटीनं घेऊन आले होते.

ही गोष्ट दोन हजार पाच सालच्या फेब्रुवारीतली. तेव्हा मी तीस वर्षांची होते. अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायची आणि एका विज्ञान मासिकात ‘अवकाशातली बोंब’ नावाचं सदर लिहायची. सदराचं काम एकच, पडद्यावरच्या विज्ञानकथांची सालटी काढणं. ते मी मन लावून करायची. अवकाशात हवा नाही म्हणजे आवाज नाही, एवढं सातवीतल्या पोराला कळतं. पण कोट्यवधी ओतून काढलेल्या सिनेमात यानं मोटारसायकलीसारखी घुरघुरत जातात आणि ग्रह फुटला की सुतळी बॉम्बसारखा फुटतो. परग्रहावरची माणसं आपल्यापेक्षा दहा हजार वर्षं पुढं गेलेली असतात, तरी त्यांच्या राजाला मुकुट लागतोच. शास्त्रज्ञ म्हणजे विस्कटलेले केस आणि काचेच्या नळ्यांत रंगीत सरबत. त्याच्या शेजारी चकचकीत कपड्यांतली एक बाई, तिचं काम “म्हणजे नेमकं काय, सर?” एवढं विचारण्याचं. आपल्याकडच्या मालिकांचं तर बोलायलाच नको. त्यांत काळयंत्रातून माणूस सातशे वर्षं मागं जातो आणि तिथल्या लोकांची मराठी त्याला पहिल्या वाक्यापासून कळते. हे सगळं मी लिहायची आणि लोक आवडीनं वाचायचे. दुसऱ्याला बसलेल्या शिव्या वाचायला कुणाला नको असतात?

या सगळ्या जाळपोळीतून मी एकच मालिका वाचवून ठेवली होती. ‘नवव्या वर्षाचं टपाल’.

अठ्ठ्याऐंशी साली ती रविवारी सकाळी लागायची. तेरा भाग. दिग्दर्शक जयवंत कारखानीस. शनीभोवतीच्या एका वसाहतीला पृथ्वीवरून टपाल पोचवणारं यान, जायला नऊ वर्षं, आणि त्यात दोन पोस्टमन. बस. युद्ध नाही, राक्षस नाही. पत्र पोचतं तोवर लिहिणारा मेलेला असतो, किंवा त्याचं मन पालटलेलं असतं, एवढ्यावर सगळी मालिका. सातव्या भागात यानाचा रेडिओ बंद पडतो, मग दार बिघडतं, दोघं दुरुस्तीला बाहेर जातात आणि धाकट्याचा दोर तुटतो. दार उघडल्यापासून चार मिनिटं पडद्यावर आवाजच नाही. संगीत नाही, श्वास नाही, काही नाही. धाकटा ओरडत ओरडत लांब जातो. त्याचं तोंड हलताना आपल्याला दिसतं. थोरला त्याच्याकडे पाठ करून दाराची कडी बसवत असतो.

त्या रविवारी गावोगाव लोकांनी उठून आपापल्या टीव्हीला थपडा मारल्या. मी मामाच्या घरी बसले होते, तेरा वर्षांची. मामाही उठला. मी त्याचा हात धरला. “मारू नकोस, मामा. तिथं आवाज नाहीये,” मी म्हणाले. हे मला तोवर कुणी शिकवलं नव्हतं. मामाचा लग्नाकार्याला व्हिडिओ भाड्यानं देण्याचा धंदा होता, त्यामुळे तेराही भाग मला टेप करून ठेवता आले.

पुढं मी भौतिकशास्त्र घेतलं ते त्या चार मिनिटांपायी. दर वर्षी अकरावीच्या पहिल्या तासाला पोरांना मी तीच चार मिनिटं सांगायची. नव्व्याण्णव साली त्यांच्यावर एक लांबलचक लेख लिहिला, ‘दिग्दर्शकाची शांतता’. तो गाजला. त्यानंतर कारखानीसांचे दोनतीन ठिकाणी सत्कार झाले आणि प्रत्येक सत्कारात ते त्या शांततेबद्दल डोळे मिटून बोलले. मग कधीतरी त्यांच्याकडच्या मूळ टेपांना बुरशी लागली, आणि त्यांना कळलं की सगळे भाग आता कराडच्या एका मास्तरणीकडेच आहेत.

तर कोल्हापूरच्या त्या विज्ञानपट संमेलनात त्यांनी एक घोषणा केली. ‘नवव्या वर्षाचं टपाल’ नव्यानं येणार, आणि त्याआधी जुने भागही पुन्हा दाखवणार. झलक दाखवली. पोस्टमनच्या हातात बंदूक होती. यान फुटलं तेव्हा सभागृहाच्या खिडक्या थरथरल्या. मग मला बोलायला सांगितलं.

“कारखानीस सर,” मी म्हणाले, “ज्या माणसानं सतरा वर्षांपूर्वी चार मिनिटं शांतता दाखवायची हिंमत केली, त्यानंच हा गोंगाट केलाय, यावर माझा विश्वास बसत नाही. तुम्हाला कुणी दमदाटी केली असेल तर इथंच सांगून टाका.”

लोक हसले, आणि ते माझ्या बाजूनं हसले. कारखानीस हसले नाहीत. सत्तरीला टेकलेला देखणा माणूस, पांढरीशुभ्र दाढी. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, माइक जवळ ओढला आणि ते वाक्य बोलले. शांतता नव्हती, चूक होती.

हशा ओसरल्यावर ते पुढं म्हणाले, “आमचा एक रेकॉर्डिस्ट होता. मिरजेचा, दस्तगीर मुलाणी. त्यानं सातव्या भागाची टेप घालवली. चार मिनिटांचा आवाजच उडाला. भाग दुसऱ्या दिवशी जायचा होता, तसाच पाठवला. तक्रारींची पोती आली. मुलाणीला मी त्याच आठवड्यात हाकलला. आणि या बाईंनी त्यावर,” त्यांनी दोन्ही हात लांबवून दाखवले, “एवढा लेख लिहिला. आता कुणी आपणहून कौतुक करत असेल तर आपण कशाला नाही म्हणायचं!”

पुन्हा हशा. या वेळी माझ्यावर.

“आणि ते सत्कार?” मी विचारलं. माझा माइक बंद केलेला होता, पण त्यांना ऐकू गेलं.

“बाई, हातात दिलेला नारळ कुणी परत करतं का?”

मी उठले आणि कॅसेट उचलल्या.

“अहो, टेपा!” कारखानीस म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात काळजी होती.

“चुकीच्या टेपा कशाला हव्यात तुम्हाला?” मी म्हणाले आणि स्टेजच्या पायऱ्या उतरले. तिसऱ्या रांगेकडे मी पाहिलं नाही. पोरांना बरोबरच्या सरांच्या हवाली केलं आणि आत्येबहिणीच्या घरी जाऊन पांघरूण ओढून पडले.

सकाळी उठले ती संतापूनच. पहिल्या बसनं मिरजेला गेले. कुणी विचारेल की दस्तगीर मुलाणी या माणसाविषयी मला काय वाटत होतं, तर खरं सांगते, काहीच वाटत नव्हतं. मला कारखानीसांना खोटं पाडायचं होतं. त्यासाठी साक्षीदार पाहिजे होता. आणि साक्षीदारानं ‘हो, टेप खराब झाली होती’ असं सांगितलंच, तर येताना पुलावरून दोन्ही कॅसेट कृष्णेत टाकायच्या, हेही ठरवून टाकलं होतं.

मिरजेत नाव विचारत विचारत सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत पोचले. एका दुकानाच्या छताला सुकवलेले भोपळे ओळीनं टांगलेले. त्याच दुकानावरच्या माडीवर ‘मुलाणी रेकॉर्डिंग’ अशी पाटी होती. दार एका बाईनं उघडलं. माझ्याच वयाची असेल, हातात सोल्डरिंगची कांडी. ती मुलाणींची मुलगी, रेहाना.

“कोण आहे?” आतून आवाज आला. “निवडणुकीचं असेल तर सांग, घोषणा दुपारनंतर.”

“कराडहून आलेय. सरोज खराडे,” मी म्हणाले.

आतला माणूस बाहेर आला. पासष्टीचा, बुटका, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, गळ्यात हेडफोन. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“खराडे,” ते म्हणाले. “दिग्दर्शकाची शांतता.”

माझा लेख त्यांनी वाचला होता! कालच्या एवढ्या अपमानावरही मला बरं वाटलं. ते टेबलापाशी गेले, खणातून मासिकाची फाडून ठेवलेली पानं काढली आणि माझ्यापुढं धरली. पानांवर जागोजाग लाल पेन्सिलीच्या रेघा होत्या.

“सात पानं,” मुलाणी म्हणाले. “कारखानीस हे नाव तेवीस वेळा. ध्वनी हा शब्द नऊ वेळा. तो ध्वनी केला कुणी, हे एकदाही नाही. मी मोजलंय. वाटलं तर तुम्ही मोजा.”

“मला माहीत नव्हतं.”

“विचारलं होतं कुणाला?”

मी विचारलं नव्हतं. पण मी भांडायच्या तयारीनंच आले होते, त्यामुळे गप्प बसले नाही. “काल कारखानीस तीनशे माणसांसमोर म्हणाले की तुम्ही टेप घालवलीत. ती शांतता म्हणजे तुमची चूक होती. खरं की खोटं, तेवढं सांगा. मी जाते.”

“चूक?” त्यांनी हेडफोन गळ्यातून काढला. “चूक म्हणाला तो?”

“हो.”

“हाकलला म्हणाला असेल. ते खरंय. चूक म्हणाला?” त्यांनी माझ्या पिशवीकडे बोट केलं. “त्या टेपा आहेत? सातवा भाग लावा.”

खोलीच्या कोपऱ्यात एक जुना व्हीसीआर होता. मी कॅसेट घातली, सातव्या भागातली ती जागा शोधली. तेवढ्यात मुलाणींनी टीव्हीचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

“चित्र बघायचं नाही,” ते म्हणाले. “तुम्ही लोक नुसतं बघता. ऐका.”

मी तो भाग शंभरदा तरी पाहिला असेल. तो नुसता ऐकला तो त्या दिवशी पहिल्यांदा. आधी बुटांचे आवाज. पत्र्यावर खण्, खण्. मग कडी. मग हवा सुटल्याचा फुसकारा. फुसकारा बारीक होत गेला आणि त्याच्याबरोबर बूटही. चालणारा माणूस तिथंच आहे, पण त्याचं पाऊल गल्लीच्या पार टोकाला पडतंय असं वाटायला लागलं. मग नखानं टिचकी मारल्यासारखं एक पाऊल. मग काहीच नाही.

“तुम्ही शिकवता ना भौतिकशास्त्र?” मुलाणींनी विचारलं. “खोलीतली हवा काढत गेलं की आवाज कसा जातो?”

“असाच,” मी म्हणाले.

“टेप खराब झाली तर असा जातो?”

“नाही. टेप खराब झाली तर तुटतो. खरखरतो.”

“सात सेकंद आहेत ते. सात सेकंदांना मला दोन दिवस लागले. सायकलच्या ट्यूबमधली हवा माठात सोडून घेतली, बूट गोधडीत गुंडाळत गेलो, एकेक घडी वाढवत.” ते व्हीसीआरकडे पाहत बोलत होते. “कारखानीसला तिथं ढोल पाहिजे होते. ढोल, तुतारी आणि वर व्हायोलिन. सगळं वाजवून घेतलं होतं त्यानं. टेप पाठवायच्या दिवशी सकाळी मी ते काढून टाकलं. मुद्दाम. विचारलं असतं तर नाही म्हणाला असता.”

“म्हणजे तुम्ही त्यांना न सांगता...”

“मालकाचा माल मी बदलला, मालकानं मला काढला. त्याची तक्रार नाही. पण त्यानं सगळ्यांना सांगितलं की मुलाणी टेपा घालवतो. त्यानंतर पुण्यात मला कुणी दारात उभं केलं नाही. सतरा वर्षं झाली. ‘ताई माई अक्का, विचार करा पक्का’ रेकॉर्ड करतो मी आता.”

मला आनंद झाला. लाज वाटते, पण झाला. पाहिजे होतं ते हत्यार माझ्या हातात आलं होतं, आणि ते मी आणायला गेले होते त्यापेक्षा किती तरी धारदार होतं. “मी लिहिते,” मी म्हणाले. “पुढच्याच अंकात. त्यांची अब्रूच काढते.”

“लिहा. लोक म्हणणार, बाईनं टोपी फिरवली. पुरावा काय?”

“हा आवाज. ही सात सेकंदं.”

“आवाजावर नाव नसतं, बाई. नाव शेवटी येतं.” मुलाणींनी टीव्ही पुन्हा आमच्याकडे फिरवला. “भाग शेवटाला न्या. सातव्या भागात नाव आहे माझं, मला काढलं ते त्याच्यानंतर. पांढऱ्या अक्षरात. रेहाना, ये इकडं. हिनं कधी बघितलेलं नाही. ही तेव्हा आजोळी होती.”

रेहाना कांडी स्टँडवर ठेवून आली आणि ओढणीला हात पुसत बापाच्या मागं उभी राहिली. मी टेप पुढं नेली. पडद्यावर धाकटा पोस्टमन ठिपक्याएवढा झाला. थोरल्यानं मान वळवली. चित्र थरथरलं, आणि आठवा भाग सुरू झाला.

“पुढं गेली,” मुलाणी म्हणाले. “मागं घ्या.”

मी मागं घेतली. ठिपका, मान, थरथर, आठवा भाग. मला पहिल्यांदाच कळलं होतं. तरी मी आणखी एकदा मागं घेतली, कारण ती दोघं बघत होती.

“नावं नाहीत,” मी शेवटी म्हणाले.

“नाहीत म्हणजे?”

“मामानं मला दोनच कॅसेट दिल्या होत्या. तीन-तीन तासांच्या. तेरा भाग, अर्ध्या-अर्ध्या तासाचे. सगळे बसत नव्हते, अर्धा तास कमी पडत होता. म्हणून...” मी टेप थांबवली. “म्हणून नावं सुरू झाली की मी बटण दाबून बंद करायची.”

“सातव्याला.”

“सगळ्या भागांना.”

खाली दुकानात कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडून बघत होतं.

“शंभर वेळा बघितलं म्हणून छापलंयस तू,” मुलाणी म्हणाले. ‘तुम्ही’चं ‘तू’ झालेलं मला समजलं. “शंभर वेळा. हे यान कुणी केलं, हे शिवलं कुणी, बोललं कोण, एकदाही मनात आलं नाही?”

“मी तेरा वर्षांची होते.”

“लेख लिहिलास तेव्हा किती वर्षांची होतीस?”

चोवीस. या प्रश्नाला मी कितीही वर्षांची असते तरी उत्तर तेच होतं. रोज दुसऱ्यांच्या चुका शोधून शोधून पोट भरणारी मी. एका शांततेवर सात पानं लिहिताना, ती माणसानं केलेली असते आणि त्या माणसाला नाव असतं, एवढं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दिग्दर्शकाचं नाव तेवढं होतं, कारण ते वर्तमानपत्रात छापून यायचं.

“कारखानीसानं मला एकदा काढला,” मुलाणी म्हणाले. “तू सात वेळा काढलास.”

“अब्बा, पुरे,” रेहाना म्हणाली.

“पुरे कसं? तो तरी तोंडावर बोलला.”

मी कॅसेट बाहेर काढली आणि पिशवीत घातली. “निघते मी,” म्हणाले. माफी मागावी असं वाटत होतं, पण त्या माणसासमोर तो शब्द उच्चारायची सोय नव्हती. त्यानं तोही मोजला असता.

“बस खाली.”

“काय?”

“खाली बस. रेहाना, मधला माइक लाव. तो खरखरणारा नको.” त्यांनी टेबलावरची वही माझ्यापुढं टाकली. “नावं मला पाठ आहेत. सगळी. मी सांगतो, तू लिही, आणि मग वाचायची. तुझ्या तोंडानं. तेराव्या भागाच्या मागं लावायची. कापलीस तूच ना?”

मी वही उघडली.

ते खोलीत येरझारा घालत सांगायला लागले. शंकर पांचाळ, सुतार. धान्याच्या कोठ्यांच्या पत्र्यातून सगळं यान त्यानं ठोकलं, मालिका लागायच्या आधीच गेला. लीलाबाई वायंगणकर, शिवणकाम. रेनकोटच्या कापडाला सुई टोचेना म्हणून तिनं चपला शिवायचा दाभण वापरला. थोरला पोस्टमन बापू शिर्के, धाकटा विलास दामले. दामले पुढं बँकेत लागला. दिवे धरणारे चौघे. चहाचा गणू, कारण त्याचंही नाव यायचं. असे एकतीस जण. लेखक, संगीत, सगळी. त्यांत त्यांनी कारखानीसांचं नावही सांगितलं, ‘श्री.’ लावून. मी मान वर केली.

“काय बघतेस?” ते म्हणाले. “दिग्दर्शन त्यानंच केलं होतं. तुझ्यासारखा मी नाही.”

वाचायला लागले आणि पहिल्या चार नावांतच त्यांनी तीनदा थांबवलं. “पांचाळ म्हण. पाणी पितेस का पांचाळ म्हणतेस?” “कागद वाजला.” “वायंगणकर. ण नीट लाव. त्या बाईला तेवढंच मिळालं होतं.” वर्गात पोरांना मी असंच धारेवर धरते. मला कुणी कधी धरलेलं नव्हतं.

नऊ-दहा नावं झाली असतील, तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. कारखानीस होते.

“मॅडम, काल जरा गंमत झाली,” ते म्हणाले. “स्टेजवर चालतंच असं. मनाला लावून घेऊ नका. टेपा कुठं घ्यायच्या? माणूस पाठवतो.”

“देते,” मी म्हणाले. “दोन अटी आहेत. सातव्या भागाच्या आवाजाला हात लावायचा नाही. आणि शेवटी नावं आहेत, ती काढायची नाहीत.”

“कुणाची नावं?”

“सगळ्यांची. तुमचंही आहे.”

“अहो, नावं कोण वाचतं!” ते हसले. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं असावं. “तुम्ही कुठून बोलताय?”

“मिरजेहून.”

“तो माणूस खोटारडा आहे,” कारखानीस म्हणाले. आवाज पार बदलला होता. “मालिका माझी आहे, बाई. माझ्या मालाच्या टेपा दाबून ठेवाल तर कोर्टात खेचीन.”

“खेचा,” मी म्हणाले. “तिथं ती सात सेकंदं लावून ऐकवू न्यायाधीशांना.”

“कुठली सात सेकंदं?”

त्यांना खरंच माहीत नव्हतं. सहा वर्षं ज्या शांततेचे नारळ घेतले, ती सुरू कशी होते हे त्यांनी एकदाही ऐकलेलं नव्हतं. मी फोन ठेवला.

“झालं?” मुलाणी म्हणाले. “बंद करून ठेव ते. टेक गेला. लीलाबाईपासून परत.”

त्यानंतरचं थोडक्यात सांगून टाकते. कारखानीसांनी मला कोर्टात खेचलं नाही आणि टेपा न्यायला माणूसही पाठवला नाही. नवी मालिका दिवाळीत लागली आणि अकराव्या भागात गुंडाळली. माझा लेख छापून आला, तेवीस नव्हे, एकेचाळीस वेळा मुलाणींचं नाव घेऊन. पुढच्या अंकात कारखानीसांचं पत्र आलं, की नोकरीवरून काढलेल्या माणसाच्या रागावर बाईंनी विज्ञान उभं केलं आहे. काहींनी माझं मानलं, बरेच जण त्यांचं मानतात, अजूनही. सदर मी पुढं सहा वर्षं चालवलं. तिखटपणा कमी केला नाही. पण दर वेळी वहीत पहिल्यांदा नावं उतरवून घ्यायची आणि मग शिव्या द्यायच्या, प्रत्येकाला त्याच्या नावानं. लोकांना ते आधीइतकं आवडलं नाही.

त्या दिवशी दुपार कलली तेव्हा तीस नावं झाली होती. मुलाणी यंत्रापाशी बसून बटणं फिरवत होते. वहीत मी ‘ध्वनी’ असं लिहून ठेवलं होतं आणि त्याच्यापुढं जागा मोकळी होती. ती त्यांनी सांगितली नव्हती.

“पुढचं?” मी विचारलं.

“एवढंच राहिलंय. ते काय मी सांगू?”

रेहाना माझ्या मागं येऊन उभी राहिली. मुलाणींनी हेडफोन कानांवर दोन्ही हातांनी दाबून धरला आणि डोळे मिटले. मी माइकजवळ सरकले.

“ध्वनी,” मी म्हणाले. “दस्तगीर मुलाणी.”

यंत्राचा काटा उसळला आणि हळूहळू खाली आला. मुलाणींनी डोळे उघडले नाहीत. रेहानाचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता, तो घट्ट झालेला मला जाणवला. आम्ही दोघी वाट बघत राहिलो.

“नावाच्या आधी श्वास घेतलास,” ते म्हणाले. “ऐकू येतोय. परत.”